बॅरिस्टर बाबासाहेब : साडेपाच वर्षांची एक परीक्षा



अमेरिकेत वकिलीची सनद मिळवण्यासाठी द्यावी लागणारी बारची परीक्षा वर्षातून दोनदा होते, फेब्रुवारीच्या आणि जुलैच्या अखेरीस. बहुतेक राज्यांत ती सलग दोन दिवस चालते. आपल्या घरांतली मुले-मुलीही आता या परीक्षेला बसू लागली आहेत. काही इथेच वाढलेली, काही भारतातून एलएल.एम. करायला आलेली. परीक्षेच्या आधीचे दोन-अडीच महिने ही मुले खोलीबाहेर फारशी दिसत नाहीत. झोप उडते, जेवणाची वेळ राहत नाही. अशा वेळी घरातली मोठी माणसे धीर देण्यासाठी एकच उदाहरण देतात : बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत.

हे उदाहरण आपल्या अभिमानाचे आहे. महाराष्ट्रात जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात, ते याच आठवणीतून. पण त्या एका आकड्याखाली बाबासाहेबांच्या बॅरिस्टरीची बाकीची हकिकत झाकली जाते. ते बॅरिस्टर कसे झाले, त्याला किती वर्षे लागली, मध्ये काय काय आडवे आले, कोणाकोणाचे हात लागले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. बारची तयारी करणाऱ्याला अठरा तासांच्या आकड्यापेक्षा ही हकिकत जास्त उपयोगी पडेल. म्हणून या अंकात ती सांगत आहोत.

न्यूयॉर्क : पाया घातला तो इथे

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि त्याच्या मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. त्या साडेअकरा पौंडांतूनच राहणे, जेवणे, पुस्तके आणि मुंबईच्या घरी पाठवायचे पैसे, एवढे सगळे भागवायचे होते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी कायद्याची पदवी घेतली नाही. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण त्याच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असे वर्ग घेतले, फ्रेंच आणि जर्मन भाषांचेही धडे घेतले. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे शिक्षक लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्याच वर्षी जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. सवड मिळाली की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली.

न्यूयॉर्कने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत होता. त्या खोलीत जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. पुढे बॅरिस्टरीच्या वाटेवर बाबासाहेब जेव्हा जेव्हा पैशापायी अडले, तेव्हा तेव्हा हे नाव पुन्हा येते. ते लक्षात ठेवावे.

ग्रेज इन : एका टेबलावरचे जेवण

१९१६ मध्ये बाबासाहेब अमेरिकेतून लंडनला गेले. तिथे त्यांनी एकाच वेळी दोन दरवाजे ठोठावले. अर्थशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन. ग्रेज इनमध्ये त्यांचा प्रवेश ११ नोव्हेंबर १९१६ चा.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्याची पद्धत आजच्या अमेरिकेपेक्षा वेगळी होती. लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन या चार जुन्या संस्थांपैकी एकीत नाव घालावे लागे. रोमन कायदा, राज्यघटनेचा कायदा, फौजदारी कायदा अशा विषयांच्या परीक्षा द्याव्या लागत. शिवाय सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरणे म्हणजे वर्गात हजेरी लावणे नव्हे. संस्थेच्या मोठ्या दालनात ठरावीक वेळा इतर विद्यार्थ्यांबरोबर आणि वकिलांबरोबर रात्रीच्या भोजनाला बसायचे. तेवढी भोजने झाली की सत्र भरले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही सत्रे अपुरी असतील तर बॅरिस्टरी मिळत नसे.

आपल्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. साताऱ्याच्या शाळेत या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने नळाचे पाणी घेता येत नव्हते. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. ग्रेज इनमध्ये मात्र इतरांच्या पंक्तीला बसून जेवणे हीच पात्रतेची अट होती. लंडनमध्ये त्यांना सगळेच सुखाचे मिळाले असे नाही, पण त्या दालनात त्यांच्या शेजारी बसून जेवणे हा कोणाला विटाळ वाटत नव्हता.

खंड पडला

प्रवेश घेऊन वर्षही झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. पहिले महायुद्ध सुरू होते. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला उतरले. ते सुखरूप आले, त्यांची पुस्तके आली नाहीत. सामान दुसऱ्या जहाजावर होते आणि ते जहाज टॉर्पेडोने बुडवले गेले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन घेतलेली कितीतरी पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाई म्हणून प्रवास कंपनीने सहाशे रुपये दिले. त्याच पैशांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली.

बडोद्यात काय झाले ते आपण सर्व जाणतो. परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत अकरा दिवस काढले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. मुंबईची गाडी येईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, नोकरी मात्र काही दिवसांचीच ठरली.

पुढची तीन वर्षे वरवर पाहता बॅरिस्टरीपासून दूर गेलेली दिसतात. खासगी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना आर्थिक सल्ला देण्याचे काम सुरू केले, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली, महिना साडेचारशे रुपये. त्या कॉलेजातही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ग्रेज इनच्या दालनात जेवून आलेल्या माणसाला आपल्याच शहरात पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवले गेले.

याच काळात त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केले, राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. आणि दर महिन्याच्या पगारातून लंडनच्या परतीच्या प्रवासासाठी पैसे बाजूला पडत होते. घरखर्चाला मोजकी रक्कम देऊन बाकीची शिल्लक टाकायची, असा शिरस्ता होता. त्याची झळ घरात सर्वांत जास्त माता रमाईंना बसली. तेव्हा ही बचत एकट्या बाबासाहेबांची म्हणता येणार नाही. त्यात रमाईंचा वाटा तेवढाच आहे.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी सिडनॅमची नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हती. शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

पुन्हा लंडन : पापड, दूध आणि पुस्तके

दुसऱ्या मुक्कामात त्यांनी पुन्हा दोन्ही दरवाजे उघडले, अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा. याच काळात ते ज्या घरात राहिले, ते प्रिमरोझ हिल भागातले १०, किंग हेन्रीज रोड हे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल.

चरित्रकारांनी त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, त्यातला आहार वाचून आजही मन हलते. घरमालकीण हात राखून वाढणारी होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडीशी मासळी आणि चहा. मग पायी चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. ते उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. दुपारच्या जेवणाला बहुधा चाट. त्याशिवाय इंडिया ऑफिसचे आणि विद्यापीठाचे ग्रंथालय होतेच. संध्याकाळी परतल्यावर एक पेला गरम बोव्हरिल आणि बिस्किटे. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की चार पापड भाजायचे, त्याबरोबर कपभर दूध, आणि पुन्हा वाचन. खोलीत राहणारे सोबती अस्नोडकर रात्री जागे झाले की त्यांना बाबासाहेब वाचतानाच दिसत. ते त्यांना झोपण्याचा आग्रह करीत. गरिबी आहे आणि वेळ थोडा आहे, म्हणून अभ्यास लवकर आटोपायला हवा, अशा अर्थाचे उत्तर मिळे.

अठरा तासांच्या अभ्यासामागचे कारण या उत्तरात आहे. जागरण हे बाबासाहेबांचे व्रत नव्हते. त्यांच्याजवळचे पैसे संपत होते. शिवाय १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांहून वर गेलेला रुपया १९२१ मध्ये सव्वा-दीड शिलिंगांच्या आत घसरला होता. भारतातून आलेल्या प्रत्येक रुपयाचे लंडनमध्ये आधीपेक्षा कमी पेन्स हाती येत. ज्या रुपयाच्या प्रश्नावर ते डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते, तोच प्रश्न त्यांच्या खिशातही होता. लंडनमध्ये घालवलेला प्रत्येक जादा महिना म्हणजे वाढते कर्ज आणि मुंबईत रमाईंची वाढती ओढाताण. म्हणून रात्र दिवसाला जोडावी लागली.

पैसे संपत आले की बाबासाहेबांनी मदत मागितली. शाहू महाराजांना पत्र लिहून मागितली, भथेनांना कळवून मागितली. मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कर्ज हे कर्ज म्हणून मागितले आणि ते फेडण्याची जबाबदारी मानली. आपल्या तरुणांनी ही बाजूही पाहावी. एकट्याने सगळे ओढले तरच ते खरे यश, असे बाबासाहेबांच्या चरित्रात कुठेही दिसत नाही.

कामाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. अशी तीन कामे हातात होती. तिन्हीचा अभ्यास जोडीने चालला, पण ती पुरी झाली एकामागून एक. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढचा जून बॅरिस्टरीचा. त्यानंतर ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

२८ जून १९२२

१९२२ चा उन्हाळा आनंद आणि दुःख बरोबर घेऊन आला. ६ मे १९२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. ज्यांनी पाठीवर हात ठेवून लंडनला पाठवले, त्यांना आपला माणूस बॅरिस्टर झालेला पाहता आला नाही. त्यानंतर सात-आठ आठवड्यांनी, २८ जून १९२२ रोजी, ग्रेज इनने भीमराव आंबेडकर यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली.

प्रवेश ११ नोव्हेंबर १९१६ चा आणि मान्यता २८ जून १९२२ ची. मध्ये साडेपाच वर्षांहून अधिक काळ गेला, त्यातली तीन वर्षे भारतात, पुस्तकांपासून दूर. पैशांची सोय असलेला विद्यार्थी साधारण तीन वर्षांत जे करीत असे, त्याला आपल्या महामानवाला जवळजवळ दुप्पट काळ लागला. त्यांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे, परिस्थितीने मधली वर्षे काढून घेतली म्हणून. आज त्यांच्या नावापुढे लागलेले बॅरिस्टर हे बिरुद वाचताना ही दिरंगाई कोणाच्या मनातही येत नाही.

पुढचा धक्काही सांगायला हवा. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या फेरीत स्वीकारला नाही, त्यात बदल करून पुन्हा सादर करण्यास सांगितले. हातात पैसे नव्हते. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, तिथे बसून प्रबंधात दुरुस्त्या केल्या आणि तो लंडनला पाठवून दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. पहिल्या खेपेला परत आलेले काम दुसऱ्या खेपेला जगाने वाचले.

सनदेनंतर

बॅरिस्टर झाल्यावर लगेच दारात पक्षकारांची रांग लागली, असे मुळीच झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी सनद घ्यावी लागे आणि तिचे शुल्क भरायलाही पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेना धावून आले. जुलै १९२३ मध्ये बाबासाहेबांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देत नसत. पोट भरण्यासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गरीब माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत, त्यांची कामे ते बहुतेक वेळा पैशाविना करीत.

पण कोर्टात त्यांचा आवाज हळूहळू ऐकू येऊ लागला. देशाचे दुश्मन या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या बागडे, जेधे, जवळकर आदी मंडळींवर बदनामीचा खटला भरला गेला. १९२६ मध्ये पुण्यात तो बाबासाहेबांनी लढवला आणि जिंकला. पुढे ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य. महाडच्या चवदार तळ्याचा लढा १९२७ मध्ये तळ्याच्या काठावर सुरू झाला आणि दहा वर्षे कोर्टात चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ग्रेज इनमध्ये कमावलेली विद्या पाण्याच्या हक्कासाठी कामी आली.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आणि ५ जून १९५२ रोजी, जिथे त्यांनी कधी कायद्याची पदवी घेतली नव्हती त्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर ऑफ लॉज केले. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात जाऊन तिथला बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहावा.

शरीराने भरलेली किंमत

एक गोष्ट आपण उत्सवाच्या भाषणांत टाळतो. त्या वर्षांच्या उपासमारीची आणि जागरणांची, आणि पुढच्या तीस वर्षांच्या अखंड कष्टांची किंमत बाबासाहेबांच्या शरीराने भरली. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या नसांचे दुखणे यांनी त्यांना उत्तरायुष्यात छळले. पाच अपत्यांपैकी फक्त यशवंतराव जगले. रमाई १९३५ मध्ये गेल्या. स्वतः बाबासाहेब पासष्टाव्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत गेले. त्यांना पर्याय नव्हता म्हणून त्यांनी हे सोसले, आणि आपल्याला पर्याय असावा म्हणून सोसले. आपल्या मुलांनी उपाशी राहून, झोप मोडून तेच पुन्हा करावे, अशी त्यांची इच्छा असेल असे मानायला आधार नाही.

भगवान बुद्धांनीही हेच शिकवले. राजगृहाजवळ सोण नावाचा भिक्खू होता. श्रीमंत घरातला, सुकुमार. ध्यानासाठी चालता चालता त्याच्या तळपायांतून रक्त येई, तरी मन स्थिर होईना. निराश होऊन घरी परतावे असे त्याच्या मनात आले. सोण पूर्वी वीणा वाजवत असे, हे तथागतांना ठाऊक होते. त्यांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणलेली तार नीट वाजत नाही आणि सैल सोडलेलीही वाजत नाही, हे सोणने स्वतःच कबूल केले. मग तथागतांनी सांगितले की प्रयत्नाचेही तसेच आहे. सोणने प्रयत्न सोडला नाही, त्याने तो योग्य मापात आणला आणि तो अर्हत झाला. अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम तो हाच.

परीक्षार्थींसाठी आणि घरच्यांसाठी

जुलैची परीक्षा आषाढ पौर्णिमेच्या आसपास येते. याच पौर्णिमेला सारनाथला पहिले प्रवचन झाले आणि त्यात मध्यम मार्ग सांगितला गेला. परीक्षेला बसणाऱ्यांनी तो आपल्या वेळापत्रकात उतरवावा.

बहुतेक राज्यांत परीक्षेचा एक पूर्ण दिवस दोनशे बहुपर्यायी प्रश्नांचा असतो, सकाळी तीन तासांत शंभर आणि दुपारी तीन तासांत शंभर. ही परीक्षा दिवसाउजेडी, ताज्या डोक्याने द्यायची आहे. शेवटच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत जागण्यापेक्षा परीक्षेच्याच वेळी बसून सराव करणे आणि रात्री झोपणे फायद्याचे. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे आनापान करावे. श्वास येतो, श्वास जातो, एवढेच पाहावे. मन पळाले तर रागावू नये, परत आणावे. चुकलेल्या प्रश्नाकडे परत येण्याची सवयही अशीच लागते.

मन फारच खचले तर ते सांगावे. इथल्या प्रत्येक राज्यात वकिलांसाठी मदत कार्यक्रम आहेत, बहुतेक ठिकाणी ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही खुले असतात आणि तिथले बोलणे गोपनीय राहते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कोणीतरी फोन घेते. मदत घेतली तर सनद अडेल, या भीतीने अनेक जण गप्प बसतात. न्यूयॉर्कसह काही राज्यांनी सनदेच्या अर्जातले मानसिक आरोग्याविषयीचे प्रश्न काढून टाकले आहेत. आपल्या राज्याचा नियम नीट वाचावा, पण भीतीपोटी एकटे राहू नये. बाबासाहेबांनी भथेनांना हाक मारली, तशी आपणही आपल्या भथेनांना मारावी.

आणि आई-वडिलांनो, काका-मावश्यांनो, आपल्यासाठीही एक विनंती. परीक्षेच्या काळात मुलांना अठरा तासांची आठवण करून देण्याऐवजी गरम जेवणाचा डबा पोहोचवा. निकालाची चौकशी फोनवर दहा जणांनी करू नका. आणि पहिल्या खेपेला यश आले नाही तर समाजात काय सांगायचे, असा प्रश्न घरात काढू नका. सांगण्यासारखी गोष्ट आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांच्या बॅरिस्टरीत तीन वर्षांचा खंड पडला, त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली, त्यांचा प्रबंध परत आला, सनदेचे शुल्क मित्राने भरले. आणि त्याच बॅरिस्टरने पुढे देशाचे संविधान घडवले. मुलांना पुढची परीक्षा देता येते. ती देण्याचे बळ त्यांच्यात राहिले पाहिजे, हे पाहणे आपले काम.

जुलैच्या परीक्षेला बसणाऱ्या सर्व मुला-मुलींना मंगल मैत्री. आषाढ पौर्णिमेच्या वंदनेत त्यांच्यासाठी आपण सर्वांनी मैत्रीभावना करावी.

जय भीम! नमो बुद्धाय!